अर्ध्या फोटोवरचा टॉवेल

वडील गेले तेव्हा आई दूध तापवत होती. मी वर्तमानपत्र वाचत होते. कुत्रा त्यांच्या खाटेखाली होता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळाकडे पाहिलं. आईने गॅस बंद केला.

तेराव्याला फोटो लागतो. पाटावर फोटो ठेवायचा, त्याला हार घालायचा, पुढे समई लावायची आणि येईल त्याने फूल वाहून नमस्कार करायचा. आमच्या घरात तोवर कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे हे माझ्या लक्षात यायला दोन-तीन दिवस लागले. मग मी कपाट उघडलं. लग्नाच्या अल्बममध्ये वडिलांचं मुंडावळ्यांआडून नाक तेवढं दिसत होतं. ओझरच्या कारखान्याच्या ओळखपत्रावर ते चोरीची कबुली द्यायला बसल्यासारखे होते. सहलीच्या फोटोंत ते नव्हतेच. कुणी कॅमेरा काढला की ते चहा सांगायला निघून जात. कॅमेरा समोर आला की त्यांचा चेहरा आतून कडी लावून घ्यायचा.

एक फोटो मात्र चांगला होता. त्यात ते हसत होते. मान जरा खाली, नजर बाजूला, हात कुत्र्याच्या डोक्यावर.

त्या फोटोची हकीकत अशी. नव्वदच्या दशकात, कुत्रा ऐन भरात असताना, वडिलांनी कुठेतरी वाचलं की कुत्री फार जगत नाहीत. दोन दिवस गेले. मग म्हणाले, "हे गेल्यावर आपल्याकडे यांची काहीतरी आठवण हवी." वडील कुत्र्याला अहो-जाहो करत. मला "ए, इकडे ये" म्हणत आणि त्याला "चला, जेवून घ्या." आई म्हणायची, "कारखान्यात दिवसभर साहेबांशी बोलायचं, ती सवय घरी कुणावर तरी निघणारच."

तर त्यांनी कुत्र्याला स्कूटरवर पुढे उभं केलं, मला मागे बसवलं आणि रविवार कारंजावरच्या एका स्टुडिओत नेलं. तिथे पडद्यावर डोंगर, तळं आणि दोन हंस रंगवलेले होते. कुत्रा स्टुलावर बसायला तयार नव्हता. बसवला की उतरायचा आणि हंसांचा वास घ्यायचा. फोटोग्राफर घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "साहेब, तुम्ही शेजारी बसा. हात ठेवा त्याच्या डोक्यावर. नंतर तुम्हाला कापून टाकू."

वडील निर्धास्त बसले. आपण या फोटोत असणार नाही अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि म्हणूनच तो चेहरा तसा आला. फोटो घरी आल्यावर आईने त्याला कात्री लावू दिली नाही.

आता तेराव्यासाठी आईने तोच फोटो बाहेर काढला. "हाच," म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या फोटोत हे यांच्यासारखे दिसत नाहीत." तिने बाकी काहीच मागितलं नाही. जेवणात काय करायचं, किती पानं वाढायची, कुणाला कळवायचं, सगळं तिने दुसऱ्यांवर सोडलं होतं.

निफाडहून आत्या आली होती, वडिलांची थोरली बहीण. तिने फोटो हातात घेतला, डोळे पुसले, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "ह्यो चालायचा नाय."

"का हो वन्सं?"

"जित्या जिवाच्या फोटूला हार घालत नसतात."

तिने खाटेखाली बोट दाखवलं. "तो जिता हाय ना अजून."

कुत्र्याने आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ओळखून शेपूट हलवली.

मी गुरुजींना विचारलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "शास्त्रात कुत्र्याच्या फोटोबद्दल काही नाही." मग आणखी विचार करून म्हणाले, "तसं फोटोबद्दलच काही नाही."

मी फोटो घेऊन रविवार कारंजावर गेले. फोटोग्राफर आता थकला होता आणि दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसत होता. काम सुनेकडे होतं. तिच्याकडे कंप्युटर होता. तिने फोटो स्क्रीनवर घेतला आणि विचारलं, "काकांना कोट घालू?"

"ते कधी कोट घालत नव्हते."

"म्हणूनच तर घालतात, ताई. नंतर सगळेच घालतात. टायपण येतो त्यात."

मी म्हटलं, फक्त कुत्रा काढा. तिने कुत्रा काढला. वडिलांचा हात अधांतरी राहिला, आशीर्वाद द्यायला उचलल्यासारखा. ते एकदम मठातले महाराज दिसू लागले. "असं ठेवू नका," ती म्हणाली, "लोक पाया पडायला लागतील." मग तिने हाताखाली एक पितळी फुलदाणी आणून ठेवली. तिच्याकडे अशा वस्तू भरपूर होत्या.

घरी आईने तो फोटो चष्मा लावून पाहिला. वडील फुलदाणीकडे बघून मनापासून हसत होते, हात तिच्यावर प्रेमाने टेकलेला होता.

"ही फुलदाणी कोण?" आई म्हणाली.

"अगं, कुत्र्याच्या जागी."

"ते दिसतंय मला. पण इतकी वर्षं संसार केला, माझ्याकडे कधी असं बघितलं नाही यांनी. आणि आता फुलदाणीकडे बघत भिंतीवर बसणार?" तिने फोटो उलटा करून ठेवला. "कुत्र्याचं मी समजू शकते."

आत्या ऐकेना, आई हटेना. शेवटी तेराव्याच्या सकाळी आत्यानेच तोड काढली. मूळ फोटो पाटावर ठेवला, कुत्र्याच्या बाजूवर घडी केलेला टॉवेल टाकला आणि हार वडिलांच्या बाजूलाच राहील असा तिरपा अडकवला. "झालं," म्हणाली. "त्याच्या अंगावर काय येत नाय आता."

लोक येऊ लागले. फूल वाहायचे, नमस्कार करायचे आणि टॉवेलकडे पाहायचे. वडिलांचा हात टॉवेलाच्या आत गेलेला होता आणि ते टॉवेलाकडे बघून हसत होते. थोड्या वेळाने गल्लीतल्या एक बाई आईजवळ सरकल्या.

"वहिनी, आज विचारू नये, पण शेजारी कोण आहे?"

"कुत्रा," आई म्हणाली.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "हो, हो. कुणी विचारलं तर तसंच सांगा."

वडील माझ्या जन्माआधी काही काळ सटाण्याला नोकरीला होते. गल्लीला तेवढं पुरलं. पानं मांडेपर्यंत सटाण्याच्या बाईला एक मुलगाही झालेला होता. मी वाढायला गेले की बोलणं थांबायचं. एकाने तर मला बाजूला घेऊन समजावलं की, जे झालं ते झालं, फोटो झाकून नातं झाकत नाही.

हे आईच्या कानावर गेलं. ती उठली, पाटाजवळ गेली आणि सगळ्यांसमोर टॉवेल काढला. खाली खरोखरच कुत्रा निघाला. पंगतीतले लोक माना वर करून बघू लागले. मला वाटतं, काहींची निराशा झाली.

आत्या धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी हार धरला. "अगं, भाऊ गेला माझा," ती म्हणाली. "त्याच्या मागं जीव लावलेलं हे एक जनावर राह्यलंय. त्याच्या गळ्यात पण घालतीस का? त्याला तरी राहू दे की."

तोवर आम्हाला वाटत होतं की जित्या जिवाचं नुसतं निमित्त, खरा तिला कुत्र्याचा विटाळ आहे. आईने हार काढून आत्याच्या हातात दिला.

"मग कुणालाच नको, वन्सं," ती म्हणाली. "दोघं तसेच राहू दे."

आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोला हार नसला की तो माणूस घरात आहे असं धरतात. त्यामुळे पुढे फार पंचाईत होऊ लागली. गॅसचा माणूस फोटोकडे बघून विचारायचा, "काका झोपलेत का?" विम्याचा एजंट फोटोखाली बसून वडिलांसाठी योजना समजावायचा. त्यांचा चेहरा पाहूनच तब्येत कळते, म्हणाला. सुरुवातीला आई खरं सांगायची. मग माणसं ओशाळायची, हार का नाही ते विचारायची आणि तिला कुत्र्यापासून सुरुवात करावी लागायची. पुढे ती नुसतं "बाहेर गेलेत" म्हणू लागली. मला पहिल्यांदा ते ऐकवलं नाही. नंतर मीही तेच सांगू लागले.

कुत्रा आणखी काही वर्षं जगला. तो गेला तेव्हा मी निफाडला फोन करून कळवलं. आत्या म्हणाली, "आता घाला हार. आता हरकत नाय." आईला सांगितलं. ती "बघू" म्हणाली.

आत्या आता नाही. आई आहे, मी आहे. फोटो बाहेरच्या खोलीत आहे. त्याला हार नाही.