डॉक्टर यायच्या आधीचं रडणं

या सदरातले चकव्याचे आणि पांढऱ्या साडीचे अनुभव मी वाचतो ते हसायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी "सर, तुम्हीसुद्धा?" असं विचारायला नको. उभा जन्म पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवण्यात गेला. भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या एकालाही मी घरात थारा दिला नाही. तरी लिहितोय, कारण डोकं फिरलंय माझं. दोन महिने होत आले तरी राग उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस पत्रिका कशाला मांडतो? मांडतो. वडिलांकडून शिकलो. मंगळ-शनी कोणाचं काही वाकडं करतात यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण लग्नरास काढणं हे शुद्ध गणित आहे. मूल जन्मलं त्या क्षणी पूर्वेला कोणती रास उगवत होती, एवढंच शोधायचं. त्या दिवसाचा सूर्योदय घ्यायचा, जन्मवेळ घ्यायची, पंचांग नागपूरचं असेल तर पांढुर्ण्यासाठी दोनेक मिनिटांचा फरक द्यायचा. उगवती रास साधारण दोन तासांनी बदलते. पण ती बदलायच्या बेतात असताना मूल जन्मलं, तर पाच-दहा मिनिटांच्या फरकानं सगळी पत्रिका फिरते. प्रत्येक ग्रह एक घर सरकतो.

आणि इथेच लोकांची लबाडी सुरू होते. मुलीला मंगळ निघाला की बाप येतो, चहा घेतो आणि हळूच म्हणतो, "सर, टाइम जरा मागंपुढं करून देता का?" असं करून देणारे बाजारात पुष्कळ बसलेत. माझ्या दारातून असे बाप अर्धा चहा टाकून परत गेलेत. हे गावाला माहीत आहे. म्हणूनच पुढे जे झालं ते मला इतकं झोंबलं.

माझी धाकटी बहीण मंदा मोहगावला दिलेली. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं मुलगी वाढवली. ती मुलगी म्हणजे पल्लवी. नागपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिची सोयरीक सौसरला जुळली. मुलाचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, साखरपुड्याचा हॉल ठरला, मंदानं नातेवाइकांना फोनसुद्धा करून टाकले. पत्रिका माझ्या हातची होती. लग्नरास कन्या, मंगळ नवव्या घरात, म्हणजे मंगळाची कटकट नाही.

जन्मवेळ मी स्वतः टिपली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मंदाला पांढुर्ण्याला आणलं होतं. स्टेशनकडच्या बाजूला एक लहानसं प्रसूतिगृह होतं, आता बंद पडलं. तिथले डॉक्टर नागपूरहून रेल्वेनं यायचे. त्या दुपारी गाडी लेट होती आणि मंदा सकाळपासून अडलेली. मी आणि आई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आतून तिचं ओरडणं येत होतं, मग तेही थांबलं. आईनं माझं मनगट धरलं, ते मला चांगलं आठवतं.

आणि मूल रडलं. खणखणीत, भरल्या गळ्यानं. आई म्हणाली, "झाली बाई मोकळी," आणि रडायलाच लागली. मी घड्याळ पाहिलं. पहिला टाहो हीच जन्माची वेळ धरायची, असं वडिलांनी शिकवलेलं. मग गाडीची शिट्टी वाजली, आणि काही वेळानं डॉक्टर बॅग घेऊन धावत आत शिरले. मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. पोर झाल्यावर आला, आता याचं काय काम, असं वाटून मी धुसफुसत होतो. मुलगी झाल्याचं सांगायलाही बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही, त्याचाही राग आला होता.

बस, एवढंच. सत्तावीस वर्षांत यात कोणाला काही खटकलं नाही.

साखरपुड्याच्या आधी मुलाकडच्यांनी मंदा आणि पल्लवीला सौसरला जेवायला बोलावलं. तिथे त्यांच्या नात्यातली एक म्हातारी आली होती, तिगावला मुलाकडे राहणारी. ती त्या प्रसूतिगृहात नर्स होती. मंदाला पाहिल्याबरोबर ओळखलं, पल्लवीला जवळ घेतलं आणि कौतुकानं सगळ्यांना सांगू लागली, "डॉक्टर गाडीतून उतरून पळत आले म्हणून ही पोट्टी वाचली. त्यायच्याच हातानं झाली."

मुलाच्या काकानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. हा काका मोबाइलवर ॲप उघडून घरच्या घरी ज्योतिषी झालेला. पांढुर्णा आता जिल्हा झाला, पण त्या ॲपला पत्ता नाही, म्हणून यानं जुना जिल्हा छिंदवाडा टाकून काम भागवलेलं.

"गुरुजी, त्या गाडीनं मी रोज कॉलेजातून घरी येत होतो, तिचा टाइम मले पाठ आहे. तुमचा टाइम गाडीच्या आधीचा आहे. पोरगी झाली डॉक्टर आल्यावर. मंग लग्नरास तूळ लागते, अन् मंगळ येते आठव्या घरात. म्हंजे पोरगी मंगळी."

मी म्हटलं, "मी माझ्या कानानं रडणं ऐकलंय."

"सख्खी भाची आहे, सरकवला असंन थोडा. समजू शकतो आमी."

समजू शकतो म्हणे! मी फोन ठेवून दिला. लोकांना हाकलून दिलं ज्या गोष्टीसाठी, तीच माझ्या नावावर. मंदाला घेऊन मी तडक तिगाव गाठलं. म्हातारीची आठवण चुकलीय हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

नर्सबाई अंगणात बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, सून डोळ्यात थेंब टाकत होती. मी बसायच्या आधीच सुरू झालो. सगळं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, पोट्टी निळी पडली होती. बाहेर आल्यावरही रडली नाई. डॉक्टरनं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तवा कुठं बारीकशी कुनकुन केली. बाहेर आयकू जाईन असं ते रडलीच नाई."

"मग दुसरी कोणी बाळंतीण असेल."

"दुसऱ्या खाटा रिकाम्या होत्या. मंदाच एकटी."

"शेजारच्या घरातलं मूल?"

"मांगं गोदाम होतं, समोर रस्ता. घर कुठं होतं तिथं?"

मी आवाज चढवला. मी ऐकलं, आईनं ऐकलं, आम्ही दोघं काय बहिरे होतो का, असं काहीबाही बोललो. तेव्हा मंदानं माझ्या हातावर हात ठेवला.

"म्या बी आयकलं, दादा."

"तू काय ऐकलं?" मी विचारलं.

"मी हारली होती. सिस्टर गालावर मारून राहिली होती, पण मले काई लागतच नोतं. मनात म्हनत होती, आता सोडा मले. अन् पोरगी रडली, मोठ्यानं. मले वाटलं, झाली. आता मी अशीच पडून राहिली तं हिले कोन घेईन? म्हनून डोये उघडले म्या."

नर्सबाईंचा चेहरा बदलला. "हाव. तू मले म्हनली होती, 'रडून राहिली ना ते, घ्या ना तिले.' मले वाटलं, बाईले वात झाला, बरळून राहिली. पोट्टी तं पोटातच होती, मंदा. म्या काईच आयकलं नाई. मंग डॉक्टर आत आले, जोर लाव म्हने, अन् तुह्यात कुठून जोर आला देव जाने."

सुनेनं चहा आणला, तो पिऊन आम्ही निघालो.

नंतर ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फार क्वचित, पाणी गेलेलं असेल तर मूल पोटात असतानाही आवाज करतं, पण तो अगदी बारीक. मी म्हटलं, दोन भिंतींपलीकडे व्हरांड्यात ऐकू येईल का? आणि खाटेला चिकटून उभ्या असलेल्या नर्सला ऐकूच येणार नाही? त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सौसरला गेलो तेव्हा मी काही लपवलं नाही. मंदा, पल्लवी दोघी सोबत होत्या. जे ऐकलं, जे तिगावला कळलं, तेवढंच त्या काकापुढे ठेवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"गुरुजी, टाइम सरकवायचाच होता तं पटंन असं तरी सांगा."

मंदा खाली मान घालून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती गोष्ट परक्या माणसासमोर येऊ दिली होती, आणि हा हसत होता. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. खरंच सांगतो, धरलीही असती. पण तो मोठ्या मनाचा आव आणून पुढे बोलतच होता, "आमी सोयरीक मोडून नाई राहिलो. कुंभविवाह करून टाकू. पोरीचं आधी मडक्यासंग लावून देऊ, मंगळ तिथंच उतरते. मंग काई टेन्शन नाई."

पल्लवीनं मुलाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

तो मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "करून टाकू ना. एका दिवसाचं तं काम आहे."

पल्लवी उठली. "चाल आई," म्हणाली, आणि चपला घालून बाहेर जाऊन उभी राहिली. सोयरीक तिथेच संपली.

परतताना दोघी गाडीत शेजारी-शेजारी बसल्या होत्या. पोर आतून खचली असेल असं वाटून मी म्हटलं, "रडून घे बाळा, मोकळं वाटेल."

"नाई मामा. जेवढं रडाचं होतं तेवढं मी आधीच रडून घेतलं म्हनतात ना." हे ती हसत म्हणाली. मंदा खिडकीबाहेर बघत होती. तिनं पल्लवीचा हात इतका घट्ट धरला होता की पोरीची बोटं पांढरी पडली होती.

साखरपुडा मोडल्याचं आता गावभर झालंय. मामानं वेळ सरकवली, असं बाजारात लोक मला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलतात. मी तिची पत्रिका दोन्ही वेळांनी पुन्हा मांडून पाहिली. गणित दोन्हीकडे बिनचूक येतं. खरी वेळ कोणती, ते मला सांगता येत नाही. कारण काय असेल हे कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा, पण "भास झाला असेल" हे लिहू नका. एक आत खाटेवर, दोघं बाहेर व्हरांड्यात, अशा तीन माणसांना एकच भास होत नाही. जी अजून जन्मलीच नव्हती, तिनं स्वतःच्या मरत्या आईला हाक मारून परत आणलं. ते आम्ही ऐकलं. आणि ज्यानं काहीच ऐकलं नाही, तो सौसरचा माणूस माझ्या बहिणीला खोटं ठरवून घरी मजेत जेवतोय.