पापडाची सावड

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापडाची सावड असते. आज तुमच्या घरचं पीठ सगळ्या बायकांनी मिळून लाटायचं, उद्या आमच्या घरचं. बोलावणं लागत नाही. ज्या घरचं पीठ भिजलं तिथं पोळपाट-लाटणं घेऊन हजर व्हायचं.

त्या वर्षी आक्का, माझी मोठी बहीण, पाच घरी लाटून आली. नवरा गेल्यावर ती बीड तालुक्यातलं सासर सोडून आमच्याकडे माजलगावला राहत होती. तिला एचआयव्ही आहे हे फक्त आईला आणि मला माहीत होतं. आमची पाळी यायच्या आदल्या दिवशी ती औषध आणायला बीडला गेली आणि तिथल्या एचआयव्हीच्या दवाखान्याच्या रांगेत तिला गल्लीतल्या एकीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आमचं पीठ कुटून तयार, आणि एकही बाई फिरकली नाही. ओल्या फडक्याखाली पीठ कडक होत चाललं. शेवटी मी शेजारच्या काकूंकडे गेले. ह्या काकू आजारी होत्या तेव्हा आक्कानं महिनाभर त्यांच्या चुलीवर भाकरी थापल्या होत्या. अंगणात त्यांची म्हैस पापड खात होती. आक्कानं लाटलेले कोणते ते ओळखू येईनात, म्हणून बाईनं सगळेच म्हशीपुढं टाकले होते. म्हशीचं दूध मात्र घरात चालणार!

"काकू, हे काय?"

"लेकराबाळाचं घर हाय बाई. आमचं काय म्हणणं न्हाई, पर लोक लई बोलतेत."

लोक! गल्लीत दहा घरं, त्यातल्या नऊ घरांना लोकांची भीती. मग हे लोक राहतात तरी कुठं?

मी रस्त्यात उभी राहून ओरडले. हात लावून होत नाही, एकत्र जेवून होत नाही, पापडानं तर नाहीच नाही. शाळेत मी पोरांना हेच शिकवते. नाकानं कांदे सोलणाऱ्या सगळ्याजणी दारं लावून आत बसल्या.

आठवडाभरानं आक्का अंथरुणातून उठेना. तिच्या उशाखाली गोळ्यांची नवी बाटली सापडली, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. गोळ्या बंद केल्या तर आजार उसळी मारेल, असं डॉक्टरांनी दोघींना बजावलं होतं.

"मरायचंय का तुला? त्या बायांसाठी?" मला तिचाही भयंकर राग आला होता.

"त्या परक्या," आक्का म्हणाली. "तू कावून माझं ताट वेगळं घासतीस?"

मी तिचं ताट मोरीत बाजूला ठेवायची, सगळ्यात शेवटी घासायची, वरून उकळतं पाणी ओतायची. दोन वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लाज वाटली असं म्हणणं सोपं आहे. खरं तर आधी मला रागच आला, तिनं ते तोंडावर बोलून दाखवल्याचा.

मग मी उठले, तिच्याच ताटात पिठलं-भाकरी वाढून आणली आणि समोर बसून पहिला घास घेतला. तो गिळायच्या आधी मी जरा जास्तच वेळ चावत राहिले. ते तिनं पाहिलं. तरी ती जेवली, सील फोडलं आणि गोळी गिळली.

"उद्याबी जेवशील का?" तिनं विचारलं.