चार वाजेपर्यंतचं गेंट

ब्रसेल्सला ऑफिसचं काम निघालं, तेव्हा मी मॅनेजरला पहिली गोष्ट विचारली ती ही, की परतीचं विमान एक दिवस उशिरा घेतलं तर चालेल का? "नो वरीज, मेट," म्हणून तो मोकळा झाला. येताना चॉकलेटं आण, म्हणाला. मला चॉकलेटांशी काही घेणं नव्हतं. ब्रसेल्सपासून ट्रेनने जेमतेम पाऊण तासावर गेंट आहे, आणि गेंटमध्ये आमची इरा आहे.

इरा ही आमची एकुलती एक. वय एकवीस, वाढली सिडनीत; आमचं आताचं घर तिथल्या स्कोफिल्ड्स या उपनगरात. युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, फिजिओथेरपीची दोन वर्षं केली आणि मग एक वर्षाची रजा टाकून थेट इकडे आली, जुन्या चर्चच्या रंगीत काचा दुरुस्त करायला शिकण्यासाठी. जाताना मी तिला जे बोललो ते इथे लिहीत नाही. दार आपटलं ते मी, एवढं कबूल करतो. युनिने तिची जागा राखून ठेवली होती, पण परत येते की नाही हे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मी गेंटला निघालो तो गुरुवार. माझी बायको मेधा हिने सिडनी सोडतानाच बजावलं होतं, "भांडू नकोस. गोडीत विचार. आणि हो म्हणाली तर तिथल्या तिथे ईमेल करायला लाव."

गुरुवारचं आणखी एक सांगायला हवं. इरा गेली त्या आठवड्यापासून मी गुरुवार धरले आहेत, ती परत येईपर्यंत, असं देवाला सांगून. मेधाच्या मते हा उपवास नाही, सौदा आहे.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. ब्रसेल्सहून गेंटला गाड्या भरपूर, रिझर्व्हेशनची भानगड नाही. तिकीट आधीच काढा, गाडीत काढलं तर जास्त पडतं. मला जायचे दहा-बारा युरो पडले. खिडकीतून सपाट हिरवी शेतं, मधूनच गायी आणि विटांची घरं. समोर बसलेल्या आजींनी विचारलं, पहिल्यांदाच का? म्हटलं, हो, मुलगी राहते तिथे. "मग गाइड आहेच की तुम्हाला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आहे, पण चार वाजल्यापासून," मी म्हणालो. इराची कार्यशाळा चारला सुटायची. तोवर शहर माझं एकट्याचं होतं.

गेंटचं मोठं स्टेशन जुन्या गावापासून जरा लांब आहे. चालत अर्धा तास, नाहीतर ट्राम. ट्राममध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, अगदी सिडनीसारखं. उतरल्यावर मात्र सिडनी संपते. आमच्या गल्लीतली सगळ्यात जुनी वास्तू म्हणजे आमचंच घर, वय वर्षं नऊ. इथे एका पुलावर उभं राहिलं की एकामागे एक तीन दगडी मनोरे दिसतात आणि तिन्ही कित्येक शतकांचे. खाली कालवा, काठाला पायऱ्यांसारख्या कापलेल्या माथ्यांची व्यापाऱ्यांची जुनी घरं. सगळे फोटो काढत होते. मीही चार काढले. पण खरं सांगू? मी सायकली बघत होतो. काळ्या केसांची मुलगी सायकलवरून गेली की नजर तिच्या मागे जायची. ही पोरगी रोज या पुलावरून जात असेल, तिला थंडी वाजत असेल का, असले विचार. ऐन मे महिन्यात!

मधल्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, तेव्हा गुडघेवाल्यांनी घाबरू नये. गावातल्या जुन्या किल्ल्यात मात्र पायऱ्याच पायऱ्या. गोट्यांसारख्या दगडांचे रस्ते आहेत, नवे बूट घालून जाऊ नका, मी भोगलं आहे. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, आतलं प्रसिद्ध चित्र बघायचं तर वेगळं तिकीट. मी चित्राकडे गेलोच नाही. खिडक्यांखाली बसलो. काचांमधून फरशीवर निळा-तांबडा उजेड पडला होता. वर्षभरात मी इराला एकदाही विचारलं नव्हतं की काच दुरुस्त करतात म्हणजे नेमकं काय करतात. फोनवर मी फक्त हवा, जेवण आणि "मग काय ठरवलंस?" एवढंच विचारत आलो होतो. तिथे बसून मला तिची इतकी आठवण आली, की दोन तासांनी ती भेटणार आहे याचाही उपयोग होईना.

दोन वाजता कडाडून भूक लागली. इराने पूर्वी कधीतरी सांगितलं होतं की गेंटमध्ये गुरुवार शाकाहारी असतो. मला केवढा आनंद! म्हणजे देवाचा वार सातासमुद्रापार पोचलाय. कोपऱ्यावरच्या फ्राईजच्या गाडीसमोर रांग होती. बटाटा तर उपवासाला चालतोच. मी मोठा कोन घेतला आणि वर बजावलं, मेयो नको, त्यात अंडं असतं. गाडीवरची बाई दोनदा म्हणाली, "विदाउट? रिअली?" मी तोऱ्यात मान हलवली. फ्राईज अप्रतिम होत्या. असा बटाटा मी जन्मात खाल्ला नव्हता.

चारला दहा कमी असताना मी कार्यशाळेच्या अंगणात उभा होतो. इरा आली ती निळ्या डगल्यात, केस वर बांधलेले, दोन बोटांना पट्ट्या. बारीक झाली होती. आम्ही मिठी मारली.

"काही खाल्लंस का, बाबा?"

"खाल्लं ना. गुरुवार आहे, बटाट्यावर भागवलं. मेयोसुद्धा सोडला."

ती थांबली. "फ्राईज? त्या कोपऱ्यावरच्या?" मी हो म्हटलं. "बाबा, प्लीज डोन्ट फ्रीक आउट. दे फ्राय देम इन बीफ फॅट."

"पण तूच म्हणालेलीस, गुरुवारी इथे शाकाहारी असतं!"

"दॅट्स अ कॅम्पेन, बाबा. नॉट अ रिलिजन."

अंगणातल्या नळाशी जाऊन मी चुळा भरत राहिलो. इरा शेजारी उभी होती, ओठ घट्ट मिटून. दार आपटलं त्या दिवशी तिचा चेहरा असाच झाला होता. ती माझ्या ओरडण्याची वाट बघत होती. मला ते दिसलं आणि फार लाज वाटली.

"तू कधीपासून उपवास करायला लागलास?" तिने हळूच विचारलं.

"तू गेलीस तेव्हापासून. तू परत यावीस म्हणून."

मेधाने शिकवलेली गोड सुरुवात, विमानात घोटलेले मुद्दे, सगळं राहिलं बाजूला. विचारायचं ते असं चूळ भरता भरता बाहेर पडलं.

"एव्हरी थर्सडे?" इराचे डोळे भरले. मग पट्टीच्या बोटाने ते पुसत ती मराठीत म्हणाली, "मी नाही येणार, बाबा. कार्यशाळेने मला अजून दोन वर्षं ठेवून घेतलंय. फोनवर सांगायला धीर झाला नाही."

मी नळ बंद केला. तिनेच हात धरून आत नेलं. टेबलावर तळहाताएवढी एक निळी काच होती. तिने ती उजेडात धरली. "हिला तडा होता. दिसतोय?" मी चष्मा पुसून बघितलं. नव्हता दिसत. "मी जोडला," ती म्हणाली, आणि ती का येणार नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. फिजिओथेरपीच्या दोन वर्षांत असा चेहरा मी बघितला नव्हता. सातच्या ट्रेनपर्यंत ती मला काचा धरून ठेवणारं शिसं, सांधे, भट्ट्या समजावत होती आणि मी पहिल्यांदाच प्रश्न विचारत होतो.

स्कोफिल्ड्सला पोचल्यावर मेधाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. फ्राईजचं ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी थांबेना. युनिची मुदत तोवर टळून गेली होती. गेंटला एक दिवस पुरतो का, असं विचाराल तर शहराला पुरतो.

पुढच्या गुरुवारी मेधाने न विचारता साबुदाणा भिजवला. देवापुढे उभा राहिलो तर जुनं मागणं मागायची सोय उरली नव्हती, आणि नवं तोंडातून निघेना. "तिला तिथेच सुखात राहू दे," एवढं म्हणायला मला तीन गुरुवार लागले.