निकाल उघडण्याआधी

वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्या हातात सुई होती आणि समोरच्या बाईचा दंड मी पट्टीने आवळला होता. मदतनीस मुलीने फोन माझ्या कानाशी धरला. "गेले गो..." एवढंच वहिनी म्हणाली. मी त्या बाईचं रक्त काढलं, कापूस दाबायला सांगितलं आणि मगच आत जाऊन बसले. विशूदादा, वहिनीचा नवरा, माझा मावसभाऊ. पेडण्याच्या बाजारातली माझी रक्त तपासायची छोटी लॅब त्याच्यावाचून उभीच राहिली नसती.

तो डिचोलीला खाण कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. गोवा राज्य आणि कोंकणी राजभाषा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माझे रिपोर्ट अजून इंग्रजीतच टाइप होत आणि लोक ते उलटेसुलटे धरून माझ्या तोंडाकडे बघत बसत. ते पाहून दादा चिडायचा. "रगत तांचें आनी वाचपाक दुसरो कित्याक?" असं म्हणत दर रविवारी येऊन त्याने प्रोग्रॅम लिहिला. दिवसभर मशीनवरून आणि आमच्या हातून येणारे आकडे एका जागी गोळा व्हायचे आणि माणसाचं नाव दाबलं की देवनागरी कोंकणीत पडद्यावर दिसायचे. त्या चौकटीला तो खिडकीही म्हणत नसे, 'जनेल' म्हणे. पडदा त्याने मुद्दाम गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवला. मी नको नको म्हणत होते, पण हट्टी माणूस तो, ऐकतो कसला!

आणि तिथेच घोळ झाला. जी तपासणी अजून व्हायची असे, तिच्यापुढे प्रोग्रॅम शून्य दाखवायचा. केरीची एक म्हातारी मासेविक्रीण रिपोर्ट न्यायला आली, पडद्याकडे बघत राहिली आणि रिपोर्ट न घेताच उठून गेली. बाकावरच्या बाईने मागाहून सांगितलं, पडद्यावरचं शून्य वाचून ती म्हणत होती, "म्हज्या आंगांत रगतच ना म्हूण बरयलां थंय." दादा त्या दिवशी लॅबमध्येच होता. तशीच माझी स्कूटर काढून तो केरीला गेला. म्हातारी दारात बसून सुनेला घरचं सगळं समजावून सांगत होती, आपण आता चाललोच अशा शांतपणे. दादा तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आये, तें शून्य तुजें न्हय, म्हजें." तिला कळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. येताना तिने त्याला सुकी सुंगटं, म्हणजे कोलंबी, बांधून दिली. ती खातानाही तो हसला नाही.

त्यानंतर शून्य गेलं, तिथे 'येवचें आसा', म्हणजे यायचं आहे, असं दिसू लागलं. आकडे कितीही वाईट असले तरी लाल रंग नाही, हा त्याचा कायदा. आमच्या धंद्यात कुणी असं करत नाही, पण मला ते पटलं होतं.

मग एका वर्षी तो सारखा थकू लागला. एरवी बसमधून उतरून चढ चढून येणारा माणूस मध्येच थांबायला लागला. मीच ओढून आणून रक्त घेतलं. संध्याकाळी तो एकटाच आला, वहिनीला न सांगता, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. मी त्याचं नाव दाबलं. आकड्यांऐवजी मधोमध एक लहान चौकट आली, सोबत कुणी आहे का विचारणारी: 'वांगडा कोण आसा?' खाली दोन बटणं, 'आसा' आणि 'ना'. आकडा फारच वाईट असला तरच येणारी ती चौकट केरीहून आल्यावर त्यानेच घातली होती. 'ना' दाबलं तर निकाल उघडायचाच नाही, आधी घरचं कुणीतरी बोलवावं लागायचं. त्यामुळे आकडा न बघताच आम्हा दोघांना कळलं... माझं बोट हलेना.

"आसा म्हण गो," तो म्हणाला. "तूं आसा न्हय?"

पुढचे सगळे महिने बांबोळीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्यांत गेले. त्याबद्दल लिहिवत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनी साखर तपासायला आली. एकटीच. तो असता तर तिला एकटी कधी पाठवली नसती. मी तिचं नाव दाबलं. सगळं ठीक होतं, त्यामुळे प्रोग्रॅमने काही विचारलं नाही, आकडे सरळ उघडले. तरी मी माझी खुर्ची सोडली आणि पलीकडे तिच्या शेजारी जाऊन बसले.

"बरें आसा न्हय?" तिने पडद्याकडे बघत विचारलं.

"आसा," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.