चौतीस दिवसांचं खोटं ऊन

नणंदेने भावजयीची बाजू घेऊन सख्ख्या भावाला नावं ठेवायची, हे काही रोज घडत नाही. पण मी ठेवणार. दादाला तोंडावर सांगून झालंय, आता लिहूनही ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की वहिनीनेच काहीतरी घोळ घातला असेल.

वहिनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, पोरांनी काय काय फोडलं त्याची यादी करायची, आणि घरी आलं की दुसरं काम सुरू, तेही बिनपगारी. आमच्या इमारतीच्या गच्चीवर हवामान खात्याने एक भरीव काचेचा गोळा बसवला होता, मोठ्या संत्र्याएवढा. त्याच्यामागे पितळेची वाटी, आणि वाटीच्या खाचेत रोज एक निळं कार्ड सरकवायचं. ऊन गोळ्यातून येऊन कार्डावर टेकतं आणि सूर्य सरकेल तशी तिथे जळकी रेघ उमटत जाते. ढग आला की रेघ तुटते. सूर्य मावळला की ते कार्ड काढायचं, मागे तारीख घालायची, नवं लावायचं, आणि महिनाअखेर सगळा गठ्ठा खात्याकडे पाठवायचा. वहिनीने हे सत्तावीस वर्षं केलं. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना "आलेच हं" म्हणून नव्या कपड्यांतच गच्चीवर जाऊन आली होती. एक कार्ड चुकलं नाही.

ह्या गोळ्याचा आणि ज्वालामुखीचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं आणि पस्तावले. वहिनी जी सुटली ती तासभर थांबली नाही! झालं होतं असं की तिच्याआधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तिला जुन्या कार्डांची एक पेटी दिली होती. त्यात एका वर्षाची कार्डं वेगळीच होती. आकाश स्वच्छ, तरी रेघ दोऱ्यासारखी बारीक. सकाळी उशिरा सुरू व्हायची, संध्याकाळी लवकर संपायची. पेटीवर प्राध्यापकांनी एका डोंगराचं नाव लिहिलं होतं, अर्ध्या जगापलीकडच्या.

"डोंगर फुटला की नुसतं पायथ्याचं गाव जळत नाही गं," ती म्हणायची. "गंधकाचा धूर ढगांच्याही वर जाऊन बसतो. तिथून त्याला धुऊन काढायला पाऊसही नाही. मग तो पृथ्वीभर पसरतो आणि वर्ष-दोन वर्षं सगळ्यांच्या उन्हात पाणी घालतो. मागे एकदा अशाने दूरदूरच्या देशांत उन्हाळाच आला नव्हता. पिकं शेतात कुजली. कुठे फुटला, कुठला डोंगर, लोकांना पत्ताच नाही. घरदार सोडून निघाले बिचारे."

तेव्हापासून तिच्या बैठकीच्या खोलीत जगाचा नकाशा. कुठे उद्रेक झाला की लाल टाचणी, खाली तारीख. पेपरातली कात्रणं, परदेशांतल्या तिच्यासारख्याच वेड्यांची पत्रं. गल्लीत तिला ज्वालामुखीवाल्या काकू म्हणत. मीही कमी चिडवलं नाही. "काय वहिनी, आज कुणी फुटलं का?" असं विचारायचे. ती हसायची, पण टाचणी टोचताना मात्र हसत नसे. तिथे माणसं गेलेली असतात, म्हणायची.

पण बहुतेक डोंगर थोडेसे खोकून गप्प बसत. आपल्या कार्डावर उमटेल एवढा मोठा एकही नाही. वहिनीला एकच गोष्ट हवी होती. तो धुराचा पडदा आपल्या डोक्यावर नेमका कोणत्या दिवशी येतो, हे आपल्या गोळ्याने पकडायचं. एकदाच. पुढचा कधी फुटेल ते कोण सांगणार, आणि ती तर निवृत्तीला टेकलेली.

आणि फुटला! डोंगराचं अर्धं डोकंच उडालं. धूर इतका वर गेला की विमानं चार दिवस जमिनीवर. वहिनीने बोटं मोजली. तीन आठवड्यांत पडदा इथे. एका संशोधक बाईंशी तिचा पत्रव्यवहार होता. पडदा कुठल्या गावावर कोणत्या दिवशी पोचला, ह्याचा नकाशा त्या करत होत्या. त्यांना वहिनीने कळवून टाकलं, इथलं मी सांगते.

आठव्या दिवशी फोन आला. वहिनीची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. बघणारं दुसरं कुणी नाही.

जावं तर लागणारच होतं. पण दारात बॅग ठेवून ती गच्चीच्या जिन्याकडे बघत उभी होती. मी म्हटलं, मी करते की गच्चीचं काम. तर दादा मधेच म्हणाला, "तुझे गुडघे बघ आधी. अगं, पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय मी. एक कागद बदलता येणार नाही मला?" वहिनीचा चेहरा असा खुलला! नवरा आपणहून म्हणतोय, आणखी काय हवं? तिने त्याला दोनदा वर नेऊन दाखवलं, सूचनांचा कागद गच्चीच्या दाराच्या आतून चिकटवला, आणि गेली.

अडतीस दिवस ती तिकडे होती. रोज संध्याकाळी सात वाजता फोन. तिचा पहिला प्रश्न तोच, "रेघ बारीक झाली का हो?" आणि दादा ऐटीत सांगायचा, "नाही गं, चांगली जाड आहे. आज ऊन नऊ तास चाळीस मिनिटं." ती आईच्या खाटेशी बसून ते आकडे वहीत उतरवायची.

आता माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मोठी साळसूद. आमची दारं समोरासमोर, आणि गच्चीचा जिना मधूनच वर जातो. वरचं लोखंडी दार असं कोकलतं की झोपलेला माणूस उठून बसेल. ते मला पहिले चार दिवस ऐकू आलं. नंतर थेट वहिनी परत यायच्या संध्याकाळी. मधे एकदा मी दादाला विचारलंही. "तू बाजारात असतेस तेव्हा जातो," म्हणाला. मला पटलं नव्हतं. तरी गप्प बसले. भाऊ आहे, कशाला उगाच तोंड घालायचं, एवढाच विचार केला. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

वहिनी परत आली ती थेट गच्चीवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्ड हातात घेऊन धावत खाली, पन्नाशी उलटलेली बाई! "अगं बघ, बघ! बारीक झाली! अर्धीसुद्धा राहिली नाही! माझ्यासाठी थांबला गं तो!" डोळ्यांत पाणी. मला मिठीच मारली. दादा मागे उभा होता. तोही हसला. हसला! त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मधली कार्डं कुठेत, असं तिने विचारलं होतंच. दादा म्हणाला, "पाठवून दिली खात्याला. म्हटलं तुला आल्या आल्या काम नको." केवढा समजूतदार नवरा! मग वहिनीने बाईंना लिहिलं, आमच्याकडे पडदा अमुक तारखेला आला, त्याआधी नाही, माझा शब्द. बाईंनी विश्वास ठेवला. नकाशा छापून आला. त्यात पडदा पुढे सरकत येतो, आणि नेमकं आमच्या गावापाशी त्याच्या कडेला एक खळगा पडलेला. जणू पडदा आम्हाला वळसा घालून गेला. वहिनीने तो नकाशा भिंतीवर लावला.

दोन महिन्यांनी बाईंचं पत्र आलं, अगदी नम्र. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर पडदा एकोणीस दिवस आधीच आलेला दिसतो. तुमच्याकडेच उशीर का, ते कळत नाही. मूळ कार्डं बघता येतील का?

वहिनी जराही डगमगली नाही. खात्याकडून गठ्ठा परत मागवला आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. मी भाजी निवडत समोरच बसले होते. तिने कार्डं तारखेने ओळीत मांडली. पहिली चार ठीक. पाचव्यावर हात थांबला. मग सहावं, मग सातवं. ती भराभर पुढे गेली, पुन्हा मागे आली.

"ह्या दिवसांत रेघ रोज केसभर वर सरकते," ती म्हणाली, मला की स्वतःलाच. "इथे महिनाभर सूर्य एकाच रेघेवर चाललाय."

खरी रेघ दोन्ही टोकांना निमुळती होते, कारण सकाळ-संध्याकाळचं ऊन कोवळं. ह्या रेघा टोकापासून टोकापर्यंत सारख्या, पट्टी धरून ओढल्यासारख्या. मधे मधे ढगांसाठी फटी सोडलेल्या. चार कार्डं तर चक्क कोरी, ढगाळ दिवस म्हणून! कलावंत हो, कलावंत माझा भाऊ!

वहिनीने भिंग आणलं. एका रेघेच्या टोकाला चकचकीत थेंब चिकटला होता, मोहरीएवढा. मी ओळखला. दादाच्या दुकानात टेबलभर असतात ते. रेडिओच्या तारा जोडायच्या कथिलाचा थेंब.

दादा बाहेर पेपर वाचत होता. वहिनी कार्ड घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. मला वाटत होतं, ओरड बाई एकदा!

"हे सूर्याने केलं का तुम्ही?"

दादाने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला. मग एकेक बाहेर आलं. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक होतं, कार्ड बदलायचं राहून गेलं. चूक झाली हे तुला सांगायची लाज वाटली. म्हणून ते एक तारा जोडायच्या तापल्या डागणीने भरलं. मग वाटलं, खाली दुकानात बसूनच होतंय तर पाच मजले कशाला चढा. एका रविवारी तर आठवडाभराची एकदम करून टाकली. तू यायच्या संध्याकाळी तेवढं वर जाऊन नवं कार्ड लावलं.

"आणि मी रोज विचारत होते, रेघ बारीक झाली का..."

"तिकडे तुझी आई आजारी. तुला आणखी काळजी नको म्हणून..."

"मी काळजीने विचारत नव्हते. वाट बघत होते. ते दिवस रिकामे सोडले असतेत तर रडले असते एक दिवस आणि संपलं असतं. सत्तावीस वर्षांत एक भोक पडलं असतं. तुम्ही खोटं ऊन भरलंत."

तेव्हा दादाने तोंड उघडायला नको होतं. पण उघडलं. "अगं, पण कुणाचं काय अडलं? कागदच तर आहेत. तुझा छंद आहे, चांगला छंद आहे, मी कधी नाही म्हटलं का?"

वहिनी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कार्डं बघतानाही ती इतकी पडली नव्हती. सत्तावीस वर्षं ज्या माणसाला ती रोज संध्याकाळी आजचं ऊन सांगत आली, आणि जो मान डोलावत आला, त्याच्या लेखी हे सगळं पोरखेळ होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी दादाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनीनेच मला हात धरून थांबवलं. म्हणाली, "वन्सं, पुरे. जिना तुमच्याही दारावरून जातो."

एरवी ती मला तूच म्हणते.

त्याच दुपारी तिने दोन पत्रं लिहिली, एक बाईंना, एक खात्याला. दादा मागे मागे. "कार्डं भिजली असं लिही ना. हरवली म्हण."

"म्हणजे आता पस्तिसावं खोटं मी करू?"

तिने सरळ लिहिलं की चौतीस कार्डं बनावट आहेत, माझं विधान चुकीचं होतं, जबाबदारी माझी. नवऱ्याचं नावही घातलं नाही. बाईंनी समजून घेतलं. नकाशा दुरुस्त झाला, आणि त्यात आमचं गावच राहिलं नाही. खात्याने समजून घेतलं नाही. चौतीस खोटी निघाली तर बाकीची खरी कशावरून, असं त्यांचं म्हणणं. सत्तावीस वर्षांची सगळी नोंद संशयास्पद ठरली. नियमाप्रमाणे बरोबरच असेल. त्या साहेबांना काय ठाऊक, वहिनी कोण ते!

दोन माणसं येऊन गोळा काढून घेऊन गेली. वहिनीने तो आधी मऊ कापडाने पुसून दिला. दादा खोकं उचलायला पुढे झाला, तर म्हणाली, "तुम्ही हात लावू नका." जगाचा नकाशाही तिने उतरवला. टाचण्या काढून डबीत भरल्या आणि कॉलेजला देऊन आली.

दादा वाईट माणूस नाही, हेही लिहिते, कारण खरंच आहे. त्याला आता कळलंय. माफी मागून मागून थकला. म्हणाला, तसलाच गोळा मी आणून देतो, स्वतः रोज चढतो, शपथ. वहिनी म्हणाली, "आणि तुम्ही चढलात की नाही, ते बघायला मी रोज मागून येऊ?"

भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. बाहेरच्याला काही कळायचंही नाही. पण मला दिसतं. दादा म्हणतो दाराला कडी लावली, तर ती उठून बघून येते. तो म्हणतो गॅस बंद केला, तर ती उठून बघून येते.

काल सकाळी मी तिकडेच चहा पीत होते. चार दिवस आभाळ भरलेलं होतं. दादा दुकानाची विसरलेली किल्ली न्यायला परत वर आला आणि आनंदाने म्हणाला, "अगं, ऊन पडलंय बरं का!"

वहिनीने कप खाली ठेवला, उठली, खिडकीपाशी गेली आणि पडदा सरकवून बघून आली.