उधन्यातली मराठी माणसं

चार निवृत्त मास्तर एकत्र बसले की पेन्शनवर बोलतात. आम्ही अजून एकाहत्तरच्या जनगणनेवरच बोलतो! मोजलेली माणसं कुठल्या कुठे पांगली, किस्से मात्र आमच्याकडेच साठून राहिले.

तेव्हा आम्ही गुजरातेत, उधन्याच्या मराठी शाळेत शिकवत होतो. एका खोलीत तीन वर्ग भरायचे. नव्या खोल्या मागितल्या की वरून उत्तर यायचं, आधी तुमची मराठी वस्ती आकड्यात दिसू द्या. त्यामुळे मोजणीचं काम आमच्याच गळ्यात पडलं तेव्हा हेडमास्तरांनी बजावलं, एकही मराठी माणूस सुटता कामा नये.

पहिल्याच दिवशी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामगारांची खोली लागली. चार खाटा, त्यांवर रातपाळीचे चार जण झोपलेले. संध्याकाळी पुन्हा गेलो, तर त्याच खाटांवर दिवसपाळीचे दुसरे चार. मी आठ लिहिले. सुपरवायझर म्हणाले, "खाटला चार ने माणस आठ? मास्तर, एवुं ना चाले." स्वतः येऊन बघा म्हटलं, तर त्यांना वेळ नव्हता. चार जण खोडले. अशा खोल्या गल्लीभर होत्या.

पुढे एका सोसायटीत बँकेतले सबनीस भेटले. गणेशोत्सवात मराठी माणसाच्या एकजुटीवर दरवर्षी भाषण ठोकणारे. मातृभाषेचा प्रश्न आला तसं त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "गुजराती लिहा हो. शेजाऱ्यांना वाटतं, आम्ही मूळचे इथलेच." सांगतील तेच लिहायचा नियम. लिहिलं. वर त्यांच्या घरचा चहाही प्यावा लागला.

शाळेशी संबंध नाही, पण दोन भावांचं सांगतोच. एकाच आईचे, एकाच खोलीत राहणारे. थोरल्याने धर्म हिंदू सांगितला, धाकट्याने बौद्ध. तेव्हाच्या नियमाने थोरला अनुसूचित जातीत, धाकटा बाहेर. मी धाकट्याला तसं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हे आमच्या गावच्या विहिरीवर येऊन सांगा ना, सर. तिथं दोघांनाही सारखंच हाकलतात." पण रकाना नियमानेच भरला.

आणि आमचे पाठकसर! शुद्ध मराठीचे भयंकर अभिमानी. त्यांच्या वाट्याला खानदेशी कामगारांची चाळ आली. घरोघर बाया मातृभाषा सांगायच्या, आहिराणी. मराठीचा आकडा दर दाराला घसरत चाललेला. शेवटी दगूबाईच्या ओट्यावर पाठकसर बसलेच. मी शेजारीच होतो. आहिराणी म्हणजे मराठीच, दोघी सख्ख्या बहिणी, तुम्ही फक्त मराठी म्हणा, शाळेला खोल्या मिळतील, तुमचीच पोरं शिकतील, असं त्यांनी नाना परीने विनवलं. एवढे नरमलेले पाठकसर मी कधी पाहिले नव्हते.

दगूबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, मना पोऱ्या तुमनाच वर्गमा व्हता. तुम्हीच त्याले म्हनेत, ही मराठी नही शे, घर जाय आनि शिकीसन ये. तो घर उना, तो परत गयाच नही. आते लूमवर जास."

तिने पाठकसरांच्या हातातल्या पेनाकडे बोट केलं.

"लिखा आते, काय लिखतस ते."