मलिगन आणि गेवराईचे पाहुणे

नातीला बघायला पुण्याचा मुलगा आला. मोठ्या पगाराचा, रविवारी गोल्फ खेळणारा. चहा घेताना म्हणाला, "आधी एक साखरपुडा मोडलाय माझा. पण आजी, तो मलिगन समजा."

"म्हंजी काय रं बाबा?"

त्यानं हौसेनं सांगितलं. पहिला फटका वाकडा गेला की सोबतचे म्हणतात, जाऊ दे, दुसरा मार. पहिला धरायचाच नाही. नियमात बसत नाही, पण मित्रामित्रांत चालतं. त्या नावाचा कुणी गडी होता म्हणे परदेशात. कुणी सांगतं, खराब रस्त्यानं गाडी हाकून त्याचे हात थरथरत होते. कुणी सांगतं, उशिरा उठून धावत आला होता. खरं कुणालाच ठाऊक नाही.

मला गेवराईचे पाहुणे आठवले. मला बघून, लाडू खाऊन गेले होते. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, पुन्हा येतो. तेव्हाची मी म्हणजे एक नंबरची येडी. आमच्या अख्ख्या नेकनूर गावात सांगत सुटले, मी इतकी आवडले की दुसऱ्यांदा बघायला येतायत. तोंडाला एवढी पावडर थापली की गिरणीतून आल्यागत दिसत होते. तशीच तोऱ्यात पाटावर जाऊन बसले.

नवरदेवाची आत्या पान चघळत म्हणाली, "तू ऊठ बाई. तुला बगून झालंय. त्या दिवशी पाणी दिलं त्या धाकटीला बसवा."

मी उठले. वर पोह्यांच्या बश्याही मीच फिरवल्या. आत्याबाईंनी एक घास खाल्ला आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "हिच्या हाताला चव हाय. आमच्या वळखीत एक बिजवर हाय, बगा."

वडिलांनी दोन्हीला हात जोडून होकार दिला. धाकटीच्या निऱ्या मी बसवल्या. तो बिजवर म्हणजे या नातीचा आजा. पहिलीच्या साड्या मला आखूड व्हायच्या, त्याच नेसवल्या त्यानं मला पाच वर्सं.

"आन् बाबा, पहिला चेंडू कुठं जातो?" मी विचारलं.

"झाडीत. कोण शोधत बसतं, आजी?" तो हसला.

नात मधेच म्हणाली, "त्या मुलीचा नंबर द्या. मला तिच्याशी बोलायचंय."

"नंबर काढून टाकला मी. कशाला ठेवायचा?"

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला, मुलगी पसंत आहे. नातीनं बापाला सांगितलं, नाही म्हणून कळवा. माझा लेक तिच्यावर नाही, माझ्यावर भडकला.

"आये, तुला मधी बोलायला कुणी सांगितलं हुतं? असं स्थळ पुन्हा येतंय का?"

मी ताटावर मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग सुनेला म्हणाले, अजून अर्धी भाकरी वाढ.